मोज्यातली बाटली

फोल्कमारच्या घरी परीक्षक येणार म्हणून सकाळपासून मांजरसुद्धा दबकून चालत होतं. शहरातले टीलमानसाहेब वाइन चाखून गुण देत. त्यांनी गुण दिले की हॉटेलवाले डोळे मिटून माल उचलत, आणि नाही दिले तर डोळे उघडूनही बघत नसत.

जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या आमच्या गावात बापजाद्यांपासून गोडसर वाइन करायची रीत. बाप गेल्यावर फोल्कमारला मात्र कोरड्या वाइनचं खूळ लागलं. कोरडी म्हणजे द्राक्षातली साखर पार आंबवून संपवलेली, औषधालाही गोडवा नसलेली. गाव हसलं. सगळ्यात मोठ्यानं हसला तो समोरचा, गोडसर वाइन करणारा लुडगर. रस्त्यात भेटला की विचारी, "काय, व्हिनेगर कसं चाललंय?" दोन वर्षं माल खपेना, तेव्हा फोल्कमारची बायको इल्का एकदा शांतपणे म्हणाली की आता साहेबांनीही नाक मुरडलं तर यंदाची द्राक्षं सरळ सहकारी सोसायटीला घालायची आणि तळघराला कुलूप लावायचं. बिचाऱ्यानं मान हलवली. तळघर गेलं तर त्याचं उरणार काय, हे तिलाही ठाऊक होतं.

साहेबांची एक अट होती. लेबल दिसू नये म्हणून बाटल्यांवर मोजे चढवायचे, आणि करणाऱ्यानं स्वतः ओतायची नाही, खोलीतही थांबायचं नाही. इल्का कामावर गेलेली. मग राहिलं कोण, तर वाल्बुर्ग आत्या. वय ऐंशीच्या पुढे, हात खंबीर, जीभ त्याहून खंबीर. मोजेही तिनंच विणलेले. फोल्कमारनं तिच्या ताब्यात तीन बाटल्या दिल्या, शेवटची सगळ्यात चांगली असं पुन्हा पुन्हा बजावलं, आणि अंगणात येरझाऱ्या घालू लागला.

आत साहेबांनी पहिला घोट घेतला, तोंडात खळखळवला आणि पिकदाणीत टाकला. आत्याला वाटलं, ठसका लागला असेल. तिनं पाणी पुढं केलं. दुसऱ्या बाटलीचंही तेच झालं, तेव्हा मात्र तिच्या कपाळाची शीर उडू लागली. परीक्षक मंडळी थुंकतात, हे साऱ्या जगाला माहीत आहे हो. पण आत्याच्या राज्यात एक थेंब कधी वाया गेला नव्हता. सांडलेली वाइन ती फडक्यानं टिपून रश्श्यात पिळते, असं गाव म्हणत असे.

पाव आणते म्हणून ती उठली, आणि तिसरी बाटली सोबत घेऊन गेली. थुंकायचीच आहे तर घरची कशाला, हा तिचा सरळ हिशोब. लुडगरनं तिच्या वाढदिवसाला दिलेली एक बाटली कोबीत घालायला म्हणून ओट्याखाली पडून होती. आत्यानं तिला मोजा चढवला, घरची बाटली कपाटात ठेवली आणि पाव घेऊन परत आली.

साहेबांनी घोट घेतला, खळखळवला, थांबले, आणि चक्क गिळला.

"बघा, जमतंय की," आत्या म्हणाली.

फोल्कमारला आत बोलावून साहेबांनी निकाल सांगितला. पहिल्या दोन बऱ्या. तिसरीला मात्र शंभरात ब्याण्णव. फोल्कमारला रडू फुटलं. साहेब गाडीत बसले तरी हा हात हलवतच उभा. मग आत येऊन त्यानं लाडानं बाटलीचा मोजा काढला, तर खाली लेबलच नाही. आमच्याकडे लेबल लावतात ते विकायच्या बाटलीला. शेजारीपाजारी द्यायच्या बाटल्या उघड्याच जातात.

"आत्या, ही कुठली?"

"लुडगरची. तुझी आहे कपाटात, सुखरूप. एक थेंब जाऊ दिला नाही मी."

उरलेली वाइन फोल्कमारनं चाखून पाहिली. खरंच उत्तम होती, आणि होती कोरडी ठणठणीत. म्हणजे हा लबाड तोंडावर हसतो आणि चोरून कोरडीच करतो! काय ती धार, काय तो वास. आपल्याला सात जन्मांत जमायचं नाही, असं त्याला मनापासून वाटलं. तेवढ्यात ट्रीअरच्या एका मोठ्या हॉटेलातून फोन आला. साहेबांनी वाटेतूनच कळवलं होतं. त्यांना तीच तिसरी हवी होती. घाबरून फोल्कमार हो म्हणून बसला. इल्का घरी आली, सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "ज्याचे गुण त्याला देऊन ये."

लुडगर अंगणात टोपल्या धूत होता.

"तुझ्या वाइनला ब्याण्णव मिळाले," फोल्कमार म्हणाला. "आत्याला दिली होतीस ती. तू कोरडी करतोस हे मला कळलंय, आता लपवू नकोस."

लुडगरनं आधी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"ती माझी नव्हे रे. तुझीच आहे. मागच्या नाताळात खोकं दिलं होतंस ना?"

"ते तू प्यायला नाहीस?"

"कोण पिणार ते? ज्याचा वाढदिवस येईल त्याला एकेक देऊन टाकली."

फोल्कमारला आधी संताप आला. मग आठवलं की अख्खी दुपार आपण आपल्याच वाइनपुढे मान खाली घालून बसलो होतो. आणि मग असा आनंद झाला की लुडगरच्या गळ्यात पडावं की त्याचा गळा धरावा, हे त्याला कळेना.

"निदान सांगायचंस तरी, वाइन कुणाची ते."

"सांगणार होतो," लुडगर मान खाजवत म्हणाला. "पण पाद्रीबाबा म्हणाले, लुडगर, यंदा कमाल केलीस. मग डॉक्टरही तेच म्हणाले. जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्या वाइनला चांगलं म्हणत होतं, फोल्कमार. मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

फोल्कमार जायला वळला, तसा लुडगरनं त्याचा हात धरला.

"गुण छापून आले की तू भाव वाढवशील. त्याआधी मला दोन खोकी दे. आता सगळे मागतात."

"देतो. लेबल लावून देऊ?"

"वेडा आहेस का?" लुडगर म्हणाला. "मला गावात तोंड दाखवायचंय."