तातोबा निवेदक यांनीं मत नसतां आखाडा राखिला, तो मजकूर

श्रीगणेशास नमन, शारदेस नमन, आणि सभेंत अखेरपर्यंत जागे राहणारांस साष्टांग दंडवत. शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरीं, कार्तिकमासीं एके नगरीं वर्तमान जाहलें तें येणेंप्रमाणें.

नगरीं राज्य सभासदांचें. लोक मतें देत आणि हे गादीवर बसत. परंतु क्रीडासमितींत एक असामी लोकांतून नेमावा, त्यानें बोलावें, मत मात्र देऊं नये, ऐसा कायदा होता. त्या जागीं तातोबा कुंभार नेमिले. हे जत्रेंतील कुस्त्यांचे निवेदक, आवाज ऐसा कीं ओढ्यापलीकडची म्हैस मान वळवी. मग समितीच्या सभापतींनीं मनसुबा केला कीं, मुलींच्या तालमीचा आखाडा मोडावा आणि तेथें सभासदांच्या मोटारी उभ्या कराव्या. तेव्हां मंजुळा पैलवान, जीस राज्याची कुस्ती धरावयाची होती, ती रडत आली आणि बोलिली, "आबा, आखाडा गेला तर मी शड्डू काय डांबरावर ठोकू?" तातोबा म्हणाले, "पोरी, मला मत नाही. तोंड आहे, तेवढं घेऊन जातो."

सभेचे दिवशीं मंजुळा अवघी पेठ घेऊन मागें बसली. सभापती हंसून वदले, "बोला तातोबा, पण आटपतं घ्या." मग तातोबा उठले आणि गरजले, "ऐका हो ऐका! पोरींचा आखाडा राखायला मैदानात उतरलेत पूर्व पेठेचे वाघ, धोंडजीराव!" आतां त्या मुलखीं रिवाज ऐसा कीं, निवेदकानें नांव पुकारिलें म्हणजे हात वर करून गर्दीस दाखवावा. सभासद धोंडजीराव डुलक्या घेत होते, त्यांचा हात आपसूक वर गेला आणि लोकांनीं टाळ्या पिटिल्या. मग दुसऱ्याचें नांव, मग तिसऱ्याचें, आणि कोणी मागें राहीना. शेवटीं, "सर्वांचे वस्ताद, खुद्द सभापतीसाहेब!" होतांच साहेबांचाही हात वर, छाती पुढें. कारकुनानें हात मोजिले आणि आखाडा कायम ऐसें लिहिलें. सभापती ओरडले, "अहो, हे मत नव्हे!" तों मंजुळेनें त्यांचे पाय धरिले आणि पेठेनें जयजयकार मांडिला. मग हात खालीं घेण्याची छाती कोणास होणार!

सारांश, मंजुळेनें राज्याची कुस्ती मारिली, मोटारी उन्हांत तापल्या, सभापतींनीं सत्काराचे हार आनंदानें घेतले. तातोबांनीं कायदा पाळिला. सभेंत आपला हात एकवारही वर केला नाहीं.