हुद्द्याप्रमाणे वायर

विजेला हुद्दा कळत नाही, हा विजेतला मूळ दोष आहे. तो दूर करण्याचा मान १९८७ साली जळगावच्या एका सरकारी कचेरीला मिळाला.

जुनी वायर जळकट वास मारू लागली, तशी केबल निवड समिती बसली. वायरमन सत्तारने "लोड किती राहील?" असं विचारलं. प्रश्न समितीच्या कक्षेबाहेरचा असल्याने त्याला चहा पाजण्यात आला. जाडी हुद्द्याप्रमाणे ठरली: साहेबांना चार एमएम, हेडक्लार्कला अडीच, लिपिकांना दीड, शिपायाला एक. (चहाची विजेची शेगडी शिपायाकडेच असल्याने तिथला फ्यूज रोज उडे. पण शिस्त म्हणजे शिस्त.) वायर भिंतीच्या आतून न नेता वरून न्यावी, हेही ठरलं; न दिसणारी जाडी काय चाटायची?

जाडीतच तरतूद संपली. हेडक्लार्क जीवराम नानांपुढे पर्याय आला: नुसती अडीचची वायर, किंवा दीडची आणि वर पंखा. महिना मे. नानांनी अडीच घेतली. वारा काय, माणूस पारावरही खातो. पंखा समोरच्या अभिमनला गेला, कनिष्ठ लिपिकाला.

नानांचंही चुकलं नव्हतं. थोरल्या लेकीला पारोळ्याचं स्थळ आलं होतं आणि मुलाचे वडील, मोतीलाल आबा, नानांचं कचेरीतलं वजन बघायला येणार होते.

आबा आले. नानांनी त्यांना बरोबर वायरीखाली बसवलं. आबांनी घाम पुसत वर पाहिलं.

"नाना, इतली जाडी वायर! मोटर कोठे शे?"

"मोटर नाही, आबा. मी हेडक्लार्क."

आबांची नजर वायरीवरून समोरच्या पंख्यावर गेली. मग म्हणाले, "आनि तो पंखाखाले बठेल शे, तो पोऱ्या कोन?"

"तो होय? ज्युनिअर. दीडवाला."

"लगीन व्हयेल शे का त्यानं? मनी बी एक पोर शे."

आपल्या लेकीसाठी खुर्ची उचलून आबा अभिमनशेजारी जाऊन बसले. निघताना नानांना "कळवतो" म्हणाले. (या शब्दाचा अर्थ मुलीच्या बापाला सांगावा लागत नाही.) नानांनी मान पुसली आणि शिपायाला वायरीवरची धूळ झटकायला सांगितलं.

नानांना हसून झालं असेल, तर जरा आपल्या बैठकीतल्या शोकेसकडे बघा. त्या सोनेरी काठाच्या कपांतून शेवटचा चहा कोण प्यायलं होतं?