राऊतकाकांचा सातवा धडा

आमच्या शेजारचे राऊतकाका हल्ली माणसाच्या तोंडाकडे बघतच नाहीत, पायांकडे बघतात. वसईच्या कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेला, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात असा हा माणूस, आणि आता जिन्याच्या कठड्याला टेकून येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय न्याहाळत उभा! लाज मलाच वाटायची.

एकदा मासेवाली डोक्यावर पाटी घेऊन तीन मजले चढून आली. काका तिला म्हणतात, "मावशी, जरा खाली जाऊन परत वर या ना. डावा पाय नीट दिसला नाही."

"अवं बाय, या बाबाला काय झालंय?" ती मला म्हणाली. "आदी पानी दे मला, मंग दाकवते त्याला पाय!"

या सगळ्याला कारण एक पुस्तक. सुमनकाकूंच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं, आणि त्याच आठवड्यात काकांनी स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उचलून आणलं. वेबसाइटवरची चित्रं हलवायचं सॉफ्टवेअर घरबसल्या शिका, अशा थाटाचं. बायकोचं ऑपरेशन तोंडावर आलंय आणि हा गृहस्थ कॉम्प्युटरवर चेंडू उडवत बसलाय! मी चिडलेच होते.

चेंडू म्हणजे पहिला धडा. काकांचा चेंडू काही उसळी घेईना, जमिनीतून आरपार जायचा. मी म्हटलं, "सोडा की तो, पुढचं बघा."

"छे! बोर्डावर जो नंबर आहे तोच पुकारायचा," काका म्हणाले. कोर्टातली सवय, खटल्यांचा क्रम मोडायचा नाही, दुसरं काय! पण घाई मात्र भलती. "ऑपरेशनच्या आत सातवा धडा झालाच पाहिजे," हे उठता-बसता. सातव्यात असं काय आहे म्हणून विचारलं, तर म्हणाले, "माणूस चालवायला शिकवतात." त्यापुढे अक्षर नाही.

मधल्या कुठल्याशा धड्यात त्यांना शोध लागला, की चित्राची पहिली जागा आणि शेवटची जागा तेवढी आपण द्यायची, मधली सगळी चित्रं सॉफ्टवेअर आपोआप काढतं. झालं! 'मधलं ते भरतं' हे पालुपद सुरू. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी पाण्याच्या टँकरवर बोलायला उभे राहिले ते काही बसेनात. काका शांतपणे म्हणाले, "सुरुवात झाली, आता शेवट सांगा. मधलं आम्ही भरतो." सगळे खो खो हसले. सेक्रेटरी त्यानंतर कितीतरी दिवस काकांशी बोलत नव्हते.

सोमवारी ऑपरेशन होतं. शनिवारी संध्याकाळी मी अळूवड्या घेऊन गेले. काकू आत पडून होत्या. काकांनी मला खुणेनेच कॉम्प्युटरपाशी बोलावलं.

पडद्यावर साडीतली एक बाई चालत होती. नाक-डोळे काही नाहीत, नुसत्या रेघा. डावा पाय टेकला की अंग त्या बाजूला कलायचं, मग उजवा घाईने पुढे यायचा.

"अगं बाई, या तर काकू!" मी म्हटलं.

काकू लहानपणी भुईगावला माहेरच्या वाडीत पडल्या, तेव्हापासून त्या अशाच चालतात. त्याचं त्यांना फार मनाला लागतं. लग्नाच्या अल्बमपासून बघा, प्रत्येक फोटोत बसलेल्या. कुणी मोबाइल पुढे केला, की असतील तिथे टेकतात.

"सोमवारी खुबा बदलला की ती सरळ चालायला लागेल," काका हळूच म्हणाले. "चांगलंच आहे गं. फार सोसलंय तिने. पण हे चालणं गेलं की गेलं. कोर्टातून आलो की दाराबाहेर उभा राहून ऐकायचो. एक पाऊल जड, एक हलकं. दार उघडायच्या आधीच जिवाला बरं वाटायचं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण जमत नाहीये. मधलं ते चुकीचं भरतं. सगळ्यांना सारखंच चालवतं. म्हणून लोकांचे पाय बघत होतो, तिचं काय वेगळं आहे ते कळावं म्हणून."

मागे काठी वाजली. काकू खोलीच्या दारात उभ्या होत्या, सगळं ऐकून. जन्मभर जे लपवलं तेच नवऱ्याने पडद्यावर मांडलेलं!

काकू त्या बाईकडे निरखून बघत पुढे आल्या.

"मान अशी खाली नाही घालत मी," त्या म्हणाल्या. "आणि हात कुठाय? मी भिंतीला हात लावत जाते."

"मोबाइलवर घेऊ का?" काकांनी चाचरत विचारलं.

"मुळीच नाही. डोळ्यांनी बघा."

त्यांनी काठी सोफ्याला टेकवून ठेवली, पदर खोचला, भिंतीला हात लावला आणि चालायला लागल्या. खोलीपासून बाहेरच्या दारापर्यंत. कळ तोंडावर दिसत होती, पण मान ताठ. कुणी बघतंय हे माहीत असून चाललेल्या काकू मी पहिल्यांदाच बघत होते. मला तर रडूच आलं, काय सांगू.

दारापाशी पोचून त्या वळल्या.

"दिसलं का नीट?"

काकांनी नुसती मान हलवली, हो की नाही ते त्यांनाच ठाऊक.

"बरं, मग परत येते," काकू म्हणाल्या, आणि भिंतीला हात लावून पुन्हा निघाल्या.