पलंगाचा पट्टा आणि आप्पांचा कान

पलंगाच्या पायथ्याशी आडवा टाकायचा गोधडीसारखा पट्टा, ज्याला दुकानवाले झोकात ‘बेड रनर’ म्हणतात, तो घरीच शिवायचं सूनबाईने ठरवलं. नवरा लगेच म्हणाला, "छान!" कारण त्याला घरात शांतता हवी होती. सासरे, म्हणजे आप्पा, म्हणाले, "पलंगाला पट्टा कशाला? पळून चाललाय का तो?" सासूबाईंनी फक्त चष्मा पुसला.

हे लक्षण बरं नव्हतं. सासूबाईंनी उभा जन्म शाळेत शिवणकाम शिकवलं होतं. त्यांच्या वर्गातून गेलेल्या बायका स्वतः आज्या झाल्या, तरी त्या रस्त्यात दिसल्या की अजून आपल्या बाहीची शिवण चाचपतात. सासूबाई कुठलंही कापड आधी उलटं करून बघत. "सुलट बाजू लोकांना दाखवायला असते, खरं काय ते पाठीवर दिसतं," असं त्यांचं म्हणणं. सूनबाईने आजवर पडदे शिवले, उशांचे अभ्रे शिवले, खुर्च्यांच्या गाद्याही शिवल्या. सासूबाईंनी प्रत्येक वस्तू उलटी केली आणि प्रत्येक वेळी एकच निकाल दिला, "चालेल." या ‘चालेल’ने सूनबाई पार कावली होती. या खेपेला सासूबाईंच्या तोंडून ‘छान’ काढायचंच, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

झालं! जेवणाचं टेबल तिच्या ताब्यात गेलं आणि बाकीचं घर उभ्याने जेवू लागलं. वर निळे आणि पिवळे चौकोन, खाली अस्तर आणि मध्ये मऊ भरावाचा जाड थर. मशीनचा खडखडाट सकाळी सुरू व्हायचा तो दिवे लागेपर्यंत. आप्पांनी त्यावर साधा उपाय काढला होता. खडखडाट सुरू झाला की ते कानातलं ऐकण्याचं यंत्र काढत, हाताशी असेल तिथे ठेवत आणि वर्तमानपत्रातलं कोडं घेऊन बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसत. घरात इतकं सुखी माणूस दुसरं नव्हतं.

ज्या दिवशी पट्टा पुरा झाला, त्याच दिवशी ते यंत्र हरवलं.

"आप्पा, खिशात बघितलंत का?" मुलगा त्यांच्या कानाशी ओरडला.

"सापडेल रे. मला काही घाई नाही," आप्पा म्हणाले आणि पुन्हा कोड्यात शिरले.

इकडे पट्टा पलंगावर पसरला गेला. खोलीचं रूपच पालटलं. सासूबाई तपासणीला आल्या, चष्मा पुसून वाकल्या. त्यांनी एक कोपरा उलटा केला, हात फिरवला, मध्येच जरा दाबून बघितलं आणि पलंगातून बारीक, लांब शीळ ऐकू आली.

सासूबाई ताठ झाल्या. त्यांनी वळून मुलाकडे बघितलं.

"शीळ कोणी घातली?"

"मी नाही!" मुलगा म्हणाला. इतकी वर्षं नोकरी केलेला माणूस, पण आवाज चौथीतल्या पोराचा निघाला.

सासूबाईंनी पुन्हा दाबलं. पट्ट्याने पुन्हा शीळ घातली. सूनबाईचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, हे आप्पांचं यंत्र! दाबलं गेलं की शीळ घालतं ते. त्यांनी टेबलावरच्या भरावावर ठेवलं असणार. आणि मी न बघता वरून कापड पसरलं."

"मग उसव."

"उसवते. पण आधी बघून सांगा ना, कसा झालाय?"

"आधी उसव, मग सांगते."

"उसवल्यावर बघायला उरणार काय?"

भांडण पेटणार असं दिसताच मुलगा पुढे सरसावला. यंत्र नेमकं कुठल्या चौकोनात आहे ते शोधलं, तर तेवढाच उसवता येईल, असं त्याचं म्हणणं पडलं. त्यासाठी त्याने पलंगाच्या एका बाजूने पट्ट्याला कान लावला. सासूबाईंनी दुसऱ्या बाजूने लावला. सूनबाई एकेक चौकोन दाबत निघाली. नेमक्या याच वेळी समोरच्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"काय हो, पलंगाला बरं नाही का?"

कोणी उत्तर द्यायच्या आत सूनबाईचा हात बरोबर जागेवर पडला आणि पट्ट्याने शीळ घातली. वहिनी हरखल्या. "अगंबाई! दाबलं की वाजतो? मलाही असाच शिवून दे ना! आमचे हे कामं सोडून आडवे झाले, की मला स्वयंपाकघरात लगेच कळेल."

वहिनींची समजूत घालून त्यांना वाटेला लावेपर्यंत सासूबाईंनी पट्टा मांडीवर घेतला होता. "कुठेतरी कच्चा टाका असतोच," त्या म्हणाल्या. "तिथून धरलं की अलगद उसवतं."

त्या शोधू लागल्या. चौकोनाच्या चारही बाजू बघून झाल्या. मग पट्टा उलटा करून पुन्हा बघितला.

"सापडला का?" मुलाने विचारलं.

"उजेड कमी आहे इथे."

दिवा लावला. चष्मा पुसला. पट्टा खिडकीशी नेला. शेवटी त्यांनी ओठ घट्ट मिटले, ब्लेड घेतलं आणि एक चांगला, पक्का टाका कापला. शिवण उकलली आणि यंत्र शीळ घालतच सूनबाईच्या तळहातावर पडलं. तिने ते बाहेर नेऊन आप्पांना दिलं. आप्पांनी ते कानात घातलं, मान हलवली आणि पेन्सिल उचलली.

सूनबाई परत आली. "आई, आता तरी सांगा ना."

सासूबाईंनी उसवलेल्या चौकोनाकडे बघितलं. "ते भोक शिवून घे. चालेल."

सूनबाई पलंगावर बसली आणि सुईत दोरा ओवू लागली. डोळे भरून आल्यामुळे तो काही केल्या ओवला जाईना. तिला फार वाईट वाटलं होतं.

तिकडे सासूबाई आप्पांजवळ स्टूल ओढून बसल्या आणि हलक्या आवाजात काहीतरी म्हणाल्या.

"काय?" आप्पांनी कानाला हात लावला. "ऐकू येत नाही गं. शिळा घालून घालून बॅटरी संपली असणार."

सासूबाईंनी दाराकडे एक नजर टाकली आणि जरा जवळ सरकून पुन्हा सांगितलं.

"छे! काही कळत नाही. मोठ्याने बोल."

"अहो, सूनबाईबद्दल म्हणते मी!"

"काय केलं तिने?"

सासूबाईंचा संयम सुटला. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा त्यांचा जुना आवाज घरभर दणाणला. "तिचा टाका माझ्यापेक्षा सरळ आहे! एवढं शोधलं, एक कच्चा टाका सापडला नाही! पाठसुद्धा छान आहे! इतकं छान काम माझ्या हातून जन्मात झालं नाही! ऐकू आलं का आता?"

समोरची खिडकी उघडली. "आम्हालाही आलं हो!" वहिनी म्हणाल्या.

सासूबाई लालबुंद होऊन मागे वळल्या. दारात सूनबाई उभी होती. एका हातात सुई, दुसऱ्या हातात पट्टा, डोळे ओले आणि हसू मात्र मावत नव्हतं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"बघतेस काय?" सासूबाई शेवटी म्हणाल्या. "आण ती सुई इकडे. मी कापलंय, मीच शिवते."

दोघी आत गेल्या. आप्पांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, हळूच कानामागे बोट नेलं आणि यंत्राचा आवाज थोडा कमी केला.