कासमचाचा ‘अबे’ म्हणतात तेव्हा

कासमचाचा दुरुस्तीला आलेल्या शिलाई मशीनलाही ‘अहो’ म्हणत. “काहून रुसल्या जी बाईसाहेब?” असं विचारून तेलाचा थेंब सोडत. दुकानात शिरलेल्या बकरीला “बाहेर चला जी” म्हणत, आणि बकरी जायची.

महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं. मी घाटंजीच्या शाळेत शिकवायला आले आणि चाचांच्या शेजारी खोली घेतली. चाचा दुकानातच एकटे राहत.

त्यांना मधुमेह होता. सकाळी काचेची सिरिंज उकळून स्वतःच मांडीत इन्सुलिन टोचत. त्यानंतर वेळेवर जेवायचं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण एखादं मशीन अडलं की चाचा भूक विसरत. मग रक्तातली साखर उतरायची आणि सगळ्यांत आधी त्यांची अदब जायची. एकदा त्यांनी आमच्या हेडमास्तरांना “अबे ढोल्या” म्हटलं, तर हेडमास्तरच गूळ आणायला पळाले. आम्ही हसायचो.

एका रविवारी दुपारी मी मशीनचा पट्टा आणायला गेले. चाचा घामानं निथळत होते. हातात मोठी कात्री.

“चाचा, जेवलात का?”

“कोन आहे वं तू?” जीभ जड झाली होती. “माह्या घरात कायले आली?”

रोज बोलणारा माणूस, पण डोळ्यांत ओळख नव्हती. मी त्यांच्या फळीवरच्या डब्यातला गूळ काढून पुढे केला.

“जहर देते काय मले?” कात्री माझ्याकडे वळली. दार त्यांच्या पाठीशी होतं. तेवढ्यात ते कोसळले आणि हातपाय झटकू लागले. मी धावत डॉक्टरांना आणलं. त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं.

“मेंदू साखरेवर चालतो बाई,” डॉक्टर म्हणाले. “ती आटली की माणूस घरात असून घरात नसतो.”

थोड्या वेळानं चाचांनी डोळे उघडले. “बसा जी, मास्तरीणबाई.” मग त्यांना कात्री दिसली. “तुमाले लागलं तं नाही?”

“नाही.”

“आमच्या बेगमले लागलं होतं. कपायावर. मले काहीच याद नाही.” ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. “ते जात नव्हती. मीच धाडली नेरले, तिच्या भावाकडं.”

त्यांना न विचारता मी नेरला चाचींना पत्र टाकलं. चौथ्या दिवशी चाची बसमधून उतरल्या. चाचांनी आतून कडी लावून घेतली.

“पुन्हा मारलं तं?” आतून आवाज आला.

चाची उंबऱ्यावर बसल्या, भाकरीचं फडकं सोडलं.

“आंधी जेवून घ्या जी,” त्या म्हणाल्या. “मंग दोघंबी भिऊ.”