नऊ नंबरची चेन

स्वारीची मोटारसायकल तीन वर्षं सजत होती आणि तीन वर्षांत ती जेमतेम कोपऱ्यावरच्या पेट्रोलपंपापर्यंत गेली होती.

स्वारी म्हणजे मोठ्या आईंचा मुलगा. हे नाव त्याला त्याच्याच बायकोने दिलेलं. "उठली का स्वारी?" "जेवणार का स्वारी?" असं ती इतक्या वेळा म्हणाली, की शेवटी गॅरेजवालासुद्धा त्याला स्वारीच म्हणायला लागला. मोठ्या आईंना मात्र सगळी गल्ली मोठ्या आईच म्हणायची, कारण दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. चाळीस वर्षं त्यांचं शिलाई मशीन खिडकीपाशी खडखडत होतं. त्या मशीनवर त्यांनी मुलाला वाढवलं होतं, शिकवलं होतं आणि नाकासमोर चालायला लावलं होतं. शाळा त्यांनी चौथीत सोडली. त्या म्हणायच्या, शाळेनेच आपल्याला सोडलं, तिला झेपलं नाही.

तर गाडी. पुढे वारा अडवायला काच लागली. पडली तर खरचटू नये म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे लागले. जादा दिवे लागले, मोबाइल बसवायला चिमटा लागला, मागे बसणारीच्या पाठीला टेकू लागला. शेवटी दोन्ही अंगांना दोन भल्याथोरल्या पिशव्या लटकल्या. सुनेने त्या पाहून विचारलं, "आपण सहलीला चाललोय, की घर सोडून?"

सहल नऊ दिवसांची होती. आठ गाड्या आणि नववी कॅप्टनची. कॅप्टन म्हणजे निवृत्त झालेले भाषेचे मास्तर. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ते यादी घेऊन प्रत्येक गाडी तपासत. जी नापास होईल ती घरी. मागच्या वर्षी स्वारीचा मागचा दिवा लागला नाही आणि बाकी सातजण हॉर्न वाजवत निघून गेले. स्वारी घरी आली, हेल्मेट न काढता खुर्चीत बसली आणि जेवायलासुद्धा तशीच आली. मोठ्या आईंनी ते पाहिलं होतं. त्या ते विसरल्या नव्हत्या. आणि कॅप्टनचा नियम असा, की लागोपाठ दोनदा जो नापास झाला, त्याचं नाव कायमचं कटलं.

या वर्षी स्वारीने यादी भिंतीलाच चिकटवली होती. रोज सकाळी दात घासताना तो ती मोठ्याने वाचायचा. पाच नंबरला लिहिलं होतं 'साखळी'. नऊ नंबरला लिहिलं होतं 'चेन'.

"साखळी आणि चेन एकच ना?" सुनेने विचारलं.

"वेडी का तू? साखळी म्हणजे गाडी बांधून ठेवायची. चोरी होऊ नये म्हणून. चेन म्हणजे चाकाची." आणि त्याने एक अशी साखळी आणली, की ती उचलून गाडीवर ठेवेपर्यंत त्याचीच कंबर धरली.

तपासणीच्या दिवशी, शनिवारी, स्वारीला अर्ध्या दिवसाचं ऑफिस होतं. साडेनऊला त्याचा फोन आला.

"आई, ऐक, मीटिंग आहे, घाईत आहे. बाराला मेकॅनिक येईल. चेन बदलायचीय म्हणावं."

"काय झालंय तिला?"

"सैल झालीय गं. दात झिजलेत. मध्येच घसरते. आजच बदलायला हवी, नाहीतर मी गेलोच! नऊ नंबरला आहे ती."

"अरे पण एवढ्याशा कामाला मेकॅनिक कशा..."

फोन बंद. मोठ्या आईंनी फोनकडे असं पाहिलं, जसं काही तो उलटून बोलला होता. मग चष्मा लावून त्या भिंतीपाशी गेल्या आणि बोट ठेवून वाचलं. नऊ. चे. न. बरोबर.

त्या अंगणात उतरल्या. डाव्या पिशवीची चेन ओढली. अर्ध्यात आली आणि घसरली. पुन्हा ओढली, दात एकमेकांत बसेनात. उजवीकडची तर हसतच होती. पोराने आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या वस्तूचं दुखणं नेमकं सांगितलं होतं. सैल आहे, दात झिजलेत, घसरते.

"मेकॅनिक म्हणे!" त्या सुनेला म्हणाल्या. "चेन बसवायला मेकॅनिक! चाळीस वर्षं मी काय घरात लोणी काढत होते?"

डब्यात एक पितळी चेन होती, जाड दातांची, जुन्या तंबूची. ती डावीकडे बसली. उजवीकडे तशीच दुसरी हवी होती आणि घरात तशी दुसरी एकच होती. ती खुंटीवर टांगलेल्या, कोऱ्या करकरीत जाकिटाला होती. प्रवासात घालायचं म्हणून स्वारीने ते आणलं होतं आणि अजून कागदाचा बिल्लाही काढला नव्हता.

"आई, त्याला नका हात लावू," सून म्हणाली. "जीव आहे त्यांचा त्यात."

"जीव जाकिटात असतो का गाडीत? आधी गाडी पास होऊ दे."

जाकिटाची ती चेन खालून सुटणारी होती. मोठ्या आईंनी तिचं खालचं टोक दुहेरी टाक्यांनी कायमचं बंद केलं. पिशवीच्या जाड कापडावर दोन सुया मोडल्या, तिसरी टिकली. शेवटी मेणबत्तीचा तुकडा दातांवरून फिरवला. चेन सर्रकन गेली आणि सर्रकन आली. आणि जाकीट उघडं कसं सोडायचं म्हणून त्यांनी त्याला सहा बटणं लावली. ओव्हरकोटाची होती, काळी, बशीएवढी.

बाराला मेकॅनिक आला. हातात नव्या चेनचा डबा.

"मोठ्या आई, चेन बदलायला आलोय."

"बदलली."

"कुणी?"

"मी."

मेकॅनिकने डबा खाली ठेवला. "तुम्ही? एकट्यानं?"

"मग काय वाजंत्री लावायची होती?"

तो गाडीपाशी बसला, वाकून पाहिलं. "अहो, ही तर जुनीच आहे की!"

मोठ्या आईंनी त्याच्या बोटाच्या दिशेने पाहिलं. "तो? तो पट्टा आहे."

"पट्टा?"

"माझ्या मशीनला चामड्याचा आहे, तुझ्या गाडीला लोखंडाचा. पायडल मारलं की चाक फिरवतो तो पट्टा. मला नको शिकवूस." त्यांनी दोन बोटांनी चेन खालून वर दाबली. "हा बघ, केवढा ढिला पडलाय. आणि कोरडा ठणठणीत. हा बदलायला सांगितलाय तुला?"

"स्वारी म्हणाली, दात झिजलेत."

"झिजलेत का?"

मेकॅनिक प्रामाणिक माणूस होता, त्याला एवढं थेट कुणी विचारलं नव्हतं. त्याने चाक फिरवून एकेक दात पाहिला. "नाही हो. दात चांगलेत. नुसती ओढून घेतली तरी वर्षभर जाईल."

"मग ओढ."

"पण स्वारीला एक फोन करून..."

"त्याची मीटिंग आहे. मी त्याची आई आहे, माझी कुठलीही मीटिंग नाही. बोटभर खेळता ठेव, ताणून मारू नकोस. आणि तेल आतल्या अंगाने सोड, थेंब थेंब. जास्तीचं पुसून घे, नाहीतर सगळी धूळ खाऊन बसेल."

मेकॅनिकने तस्सं केलं. जाताना नव्या चेनचा डबा काखेत मारून तो सुनेला हळूच म्हणाला, "वहिनी, यांना गॅरेजात पाठवता का?"

मीटिंग लांबली आणि चार वाजता स्वारी आली. आधी गाडीपाशी गेली. खाली वाकली. आणि अंगणातून अशी किंकाळी आली, की समोरच्या घरातला माणूस बाहेर आला.

"आई! चेन जुनीच आहे!"

"डोळे आहेत का? दोन्ही नव्या आहेत."

"दोन्ही?" स्वारीने पिशव्यांकडे पाहिलं. पितळी दात उन्हात चमकत होते. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं, आणि उजाडलं तसं लगेच मावळलंही. "आई, मी गाडीची चेन म्हणालो होतो!"

"चेन म्हणालास. चेन बदलली. गाडीला पट्टा असतो."

त्याने गॅरेजला फोन लावला. शनिवार, गॅरेज दोनला बंद. तो घरात आला, जाकीट घ्यायला खुंटीकडे हात केला आणि सहा काळी बटणं त्याच्याकडे टकामका बघत राहिली. सून हसू लपवायला कुठे जागा नाही म्हणून हेल्मेटात शिरली. आतून खुसखुस ऐकू येत होती.

"आई," स्वारी म्हणाली, आणि आवाज फाटला, "कळत नाही त्यात हात कशाला घालतेस गं तू?"

हेल्मेटातली खुसखुस थांबली. मोठ्या आईंनी मशीनवर झाकण घातलं. पायात चपला सरकवल्या, पिशवीत कात्री टाकली.

"चल. तुझ्या मास्तरांना मीच सांगते, चूक माझी म्हणून."

आणि त्या जाऊन गाडीवर मागे बसल्या. टेकूला पाठ लावून. त्या टेकूला टेकलेलं ते पहिलं माणूस. सून मागून स्कूटरवर आली.

मैदानात आठ गाड्या ओळीत उभ्या होत्या, स्वारीची शेवटची. कॅप्टन हातात फळी आणि लाल पेन्सिल घेऊन एकेक नंबर घेत, ओळभर फिरत. चाकं झाली, ब्रेक झाले, दिवे झाले. स्वारीचा मागचा दिवा या वेळी इतका लख्ख लागला, की कॅप्टनने डोळ्यांवर हात धरला.

"पाच. साखळी."

कॅप्टन ओळ संपवून येईपर्यंत पिशवीत डोकं घालून बसलेल्या स्वारीने खणखणाट करत आपली साखळी दोन्ही हातांनी बाहेर ओढली.

"हे काय?"

"साखळी, सर."

"बरोबर हत्ती येतोय का?" कॅप्टन खाली वाकले आणि चाकाच्या चेनला बोट लावलं. "ही साखळी. आपल्याकडे शब्द आहे ना, मग वापरायला काय होतं?" त्यांनी ती वर-खाली दाबली, बोटाला लागलेलं तेल पाहिलं. स्वारीने डोळे मिटले. "बोटभर ढील. तेल आतून, जास्तीचं पुसलेलं. आठांत एवढी नेटकी एकही नाही. कुणाचं काम हे?"

स्वारीने डोळे उघडले. मागे वळून आईकडे पाहिलं. आई आकाशाकडे पाहत होती.

"मग सर," त्याने विचारलं, "नऊ नंबरला चेन... ती कुठली?"

"पिशवीची! दुसरी कुठली असते? मागच्या वर्षी कुणाची तरी पिशवी उघडली आणि घोंगडी उडून माझ्या तोंडावर बसली. पाऊण मैल मी अंदाजाने चालवली गाडी. म्हणून यंदा नऊ नंबर."

ओळीतल्या सात जणांनी आपापल्या गाडीच्या चेनवर मारलेल्या तेलाकडे पाहिलं आणि मग आपापल्या पिशव्यांकडे. कॅप्टन डोळे मिटून प्रत्येक चेन तीनदा ओढत. पहिलीची अडकली. दुसरीचे दात पडलेले. तिसरीची बंद झाली ती उघडेचना. लाल फुली, लाल फुली, लाल फुली. सातही गेल्या. मग स्वारीची. सर्र. सर्र. सर्र. कॅप्टनने डोळे उघडले, चौथ्यांदा ओढली. हे नियमात नव्हतं, नुसतीच मजा वाटली म्हणून.

"पास!"

स्वारीला वाटलं होतं आपण ओरडू. पण त्याने नुसता पिशवीवरून हात फिरवला. तेवढ्यात मोठ्या आई गाडीवरून उतरल्या.

"मास्तर, तुमच्या पिशवीची?"

"माझी?" कॅप्टन हसले. आपल्या गाडीपाशी जाऊन त्यांनी ऐटीत चेन ओढली. तिचं ओढायचं बोंडूकच तुटून त्यांच्या हातात आलं. पिशवी आ वासून राहिली. कॅप्टनने फळी वर घेतली आणि मुकाट्याने स्वतःच्या नावापुढे लाल फुली मारली. मास्तर होते ते. मारली म्हणजे मारली.

"म्हणजे उद्या मी एकटाच?" स्वारी म्हणाली.

"गप रे," मोठ्या आई म्हणाल्या. "सगळ्यांनी पिशव्या सोडा. माझ्या घरी आणा. आणि येताना जाकिटंही आणा."

"जाकिटं कशाला?" एकाने विचारलं.

"कळेल."

दिवेलागणीला मशीन सुरू झालं. स्वारी चेन उसवत होती, सून बटणं लावत होती, कॅप्टन दातांवर मेणबत्ती फिरवत होते आणि मोठ्या आई त्यांना दोनदा म्हणाल्या, "मास्तर, अक्षर चांगलंय, पण हात जड आहे तुमचा." नऊच्या आत सगळ्या पिशव्या दारात रांगेने उभ्या होत्या. कॅप्टनने प्रत्येक चेन पुन्हा तीनदा ओढली आणि आपल्यासकट सगळ्यांच्या लाल फुल्या खोडल्या.

सकाळी निघायच्या आधी स्वारी हेल्मेट काखेत घेऊन मशीनपाशी आली.

"आई, एकदा चेन बघतेस?"

"कुठली?"

"दोन्ही."

त्यांनी दोन्ही पाहिल्या. एक ओढली, एक दाबली. "जा."

साऱ्या गाड्या एकामागोमाग गल्लीतून निघाल्या. सगळ्यांच्या जाकिटांना तीच बशीएवढी काळी बटणं. समोरच्या घरातला माणूस बायकोला म्हणाला, "बघितलंस? फार मोठी संस्था दिसते, एकसारखा गणवेश आहे." आणि सगळ्यांच्या पुढे, कॅप्टनच्या बरोबरीने स्वारी. मागे टेकूला पाठ लावून सून. ती हात हलवत होती. हॉर्न मात्र स्वारीने एकदाच वाजवला, मशीनच्या खिडकीखाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"आई, चेन तुटली!"

"नीट बोल. पिशवीची तुटायची नाही. आणि गाडीची असेल तर साखळी म्हण, मास्तर रागावतील."

"नाही गं," स्वारीने आवाज खाली आणला. "मास्तरांचीच. पँटची."

मागून कॅप्टनचा आवाज आला, "पँटची म्हणू नकोस! त्याला आपल्याकडे शब्द..." आणि आवाज थांबला. शब्द सापडत नव्हता.

"रस्त्यात उभे आहेत ते, नकाशा पुढे धरून," स्वारी म्हणाली. "गाडीवर बसता येईना. काय करू?"

"तुझ्या जाकिटाच्या डाव्या खिशात बघ. सुई, काळा दोरा आणि चार बटणं आहेत."

पलीकडे खिसा चाचपल्याचा आवाज आला. मग स्वारी म्हणाली, "आहेत! पण आई, हे तर यादीत नव्हतं."

"कसं असेल?" मोठ्या आई म्हणाल्या आणि मशीनला पाय लावला. "यादी मास्तरांनी केली होती."