सहा परीक्षार्थी आणि एक डबा

“तिला एकटीला जमत नाही, हे ती कबूल करेल तर ना,” आईच्या घरी आलेली लेक फोनवर भावाशी कुरकुरत होती. “तू तिकडे लांब बसून नुसतं हो हो म्हणतोस. एकदा नीट तपासून बघायलाच हवं.”

बाई त्या वेळी जेवणाच्या टेबलाखाली होत्या. बरणीचं झाकण घरंगळत तिकडे गेलं होतं. खाली वाकलं की हल्ली चटकन उठता येत नाही, याचा त्यांना पहिल्यांदाच उपयोग झाला. सगळं ऐकू आलं.

बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. गेल्या हिवाळ्यात त्या न्हाणीघरात घसरून पडल्या. नंतर लेकीने आपल्या घरातली मागची खोली रंगवून घेतली. कुठला रंग द्यावा, यावर मायलेकी तासभर बोलल्या. खोली कोणासाठी, यावर दोघींनीही अवाक्षर काढलं नाही.

फोन ठेवून लेकीने दारातलं खोकं आत आणलं. नव्या वस्तू लोकांना धडपणे वापरता येतात की नाही, हे तपासणं ही तिची नोकरी.

“आई, मंगळवारी तुमच्या इमारतीच्या हॉलमध्ये चाचणी आहे. म्हाताऱ्या माणसांसाठी गोळ्यांचा डबा केलाय आम्ही. सत्तरीच्या वरची सहा माणसं जमव. आणि खोकं उघडू नकोस हं. डबा पहिल्यांदाच हातात यायला हवा.”

“चाचणी कोणाची?”

“डब्याची गं. तुमची नाही. घाबरण्यासारखं काही नाही त्यात.”

बाईंनी एकतीस वर्षं पोरांना हेच सांगितलं होतं. घाबरू नका रे, नुसती चाचणी आहे. आणि गुण मुकाट्याने प्रगतिपुस्तकात चढवले होते.

लेक गेल्यावर बाईंनी दाराला कडी लावली, पडदे ओढले आणि इस्त्री तापवली. चिकटपट्टी गरम केली की अलगद सुटते, ही युक्ती त्यांना एका विद्यार्थ्यामुळे कळली होती. त्याला त्यांनी त्यापायी आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. जन्मभर प्रश्नपत्रिकांच्या पाकिटांवर नागोबासारखी बसलेली बाई त्या दुपारी पेपर फोडत होती.

डबा दिसायला गोंडस. पांढरा, गुळगुळीत, शहामृगाच्या अंड्यासारखा. वरून दाबला, खालून दाबला, पिळला, रागावून पाहिलं. डबा ढिम्म. शेवटी दात लावला, तर दातच हलला.

बाईंनी डबा पदराखाली घेतला आणि तळमजल्यावरच्या घड्याळवाल्या काकांचं दार वाजवलं. काकांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेली.

“उघडला नाही तर काय होईल?” काकांनी विचारलं.

“घरातून उचलतील आपल्याला. लेकीच्या तोंडून ऐकलंय मी.”

काकांनी डोळ्याला भिंग लावलं. “आमचे चिरंजीव तर मी जिना उतरताना पुढे हात पसरून उलटे उतरतात. जसं काही वरून कपाट येतंय.”

दीड दिवस झटून काकांनी कुलूप शोधलं. डबा उपडा करायचा, दोन गुडघ्यांत धरायचा, बुडावर तीन बुक्क्या आणि मग डावीकडे पीळ.

“हे कोणाला सुचणार हो?” बाई म्हणाल्या.

“आपल्याला सुचलंय ना, झालं तर मग.”

सोमवारी संध्याकाळी बाईंच्या पुढच्या खोलीत वर्ग भरला. निवृत्त नर्सबाई सवयीने चौथी बुक्की मारायच्या, त्यांच्याकडून बाईंनी दहा वेळा करवून घेतलं. दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं एकमेकांचं बघून करत होतं, त्यांना लांब बसवलं.

“आणि डबा हातात आला की लगेच उघडायचा नाही,” बाईंनी बजावलं. “आधी म्हणायचं, हं, काय बरं असेल हे.”

सगळ्यांनी म्हटलं, “हं, काय बरं असेल हे.”

सहावे ग्रंथपाल आजोबा तेवढे दाताच्या डॉक्टरकडे गेले होते.

मंगळवारी लेक स्टॉपवॉच घेऊन बसली. शेजारी तिचे साहेब कॅमेरा रोखून उभे. “मी मदत करायची नाही, असा नियम आहे,” लेक म्हणाली. “मनात येईल ते मोठ्याने बोला.”

“हं, काय बरं असेल हे,” म्हणत बाईंनी डबा उपडा केला. गुडघे, तीन बुक्क्या, पीळ. नऊ सेकंद.

“हं, काय बरं असेल हे,” काका म्हणाले. नऊ सेकंद.

नर्सबाईंनाही नऊ. जोडप्याची पाळी येईपर्यंत लेकीचं पेन मंदावलं होतं, पण साहेब हवेत होते. “बघितलंस? माणसाला हे आतूनच सुचतं. सूचनांचा कागद रद्द. हा बघ, कारखान्याला मेसेजच टाकला, पन्नास हजार डबे काढा म्हणून.”

मग ग्रंथपाल आजोबांच्या हाती डबा आला. त्यांनी तो मान वाकडी करून सगळीकडून वाचायचा प्रयत्न केला. एक मिनिट गेलं, चार गेली. नर्सबाईंनी त्यांच्यासमोर गुडघे एकमेकांवर दाबून दाखवले. काकांनी हवेत तीन बुक्क्या मारल्या. बाई खाकरल्या.

“बाई,” आजोबा शेवटी काकुळतीला येऊन म्हणाले, “काल मी क्लासला नव्हतो. आधी उपडा करायचा की आधी बुक्क्या?”

“कसला क्लास?” लेकीने विचारलं.

पाच जणांना एकदम छताचा पंखा बघावासा वाटला. बाई मात्र उठून उभ्या राहिल्या.

“पेपर मी फोडला. यांचा काही दोष नाही.”

“म्हणजे हा सहज उघडत नाही?” साहेबांनी कॅमेरा खाली घेतला.

“उघडतो की,” काका म्हणाले. “भिंग आणि दीड दिवस लागतो.”

साहेब फोन घेऊन बाहेर पळाले, कारखाना थांबवायला.

“आई, मी सांगितलं होतं ना, चाचणी डब्याची आहे म्हणून?”

“आणि तपासून बघायला हवं, असं भावाला म्हणालीस ते? टेबलाखाली होते मी. नापास झाले असते तर आजच त्या खोलीत नेऊन ठेवलं असतंस.”

लेकीचा चेहरा उतरला. तिने स्टॉपवॉच बंद केलं आणि आईजवळ खुर्ची ओढली.

“ते तुला डॉक्टरांना दाखवण्याबद्दल होतं गं. तू पडलीस तेव्हापासून रोज सकाळी फोन लावते मी. तू उचलेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो माझा. खरं सांग, एकटीला भीती नाही वाटत तुला?”

पंखा बघणारे पाचही जण बाईंकडे बघू लागले.

“वाटते की,” बाई म्हणाल्या. “पण तुझ्या घरी येऊन राहायची त्याहून जास्त वाटते.”